थेंबभर पाणी

सासूबाईंच्या तोंडातला डाग सगळ्यात आधी मी पाहिला. हे मी पुष्कळ दिवस कोणाला सांगितलं नाही.

गणपतीच्या आधीची गोष्ट. दुपारी जेवता जेवता त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "बघ गो जरा. करली मासळीचा काटा रुतलाय गालात. चार दिस झाले, निघत न्हाय."

मी मोबाईलची बॅटरी लावून त्यांच्या तोंडात पाहिलं. या घरात येऊन मला एकोणीस वर्षं झाली होती, पण त्यांच्या चेहऱ्याच्या इतक्या जवळ मी कधी गेले नव्हते. उजव्या गालाच्या आत, पार मागच्या दाढेपाशी, दुधाची साय चिकटावी तसा पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध कच्च्या मांसासारखा लाल भाग. पण त्यांनी काट्याचं विचारलं होतं.

"काटा दिसत न्हाय, आई," मी म्हणाले.

"न्हाय दिसत तर मर म्हणावं." त्यांनी कनवटीची डबी काढली, चिमूटभर मशेरी घेतली आणि बोटाने नेमकी त्याच जागी दाबून धरली. "ही लावली का बधिर होतं. मग जेवाया येतं."

ती मशेरी मीच भाजत असे. दर आठ दिवसांनी तव्यावर तंबाखू काळीभोर होईपर्यंत भाजायची, गार झाली की हाताने चुरायची. त्या वासाने शेजारपाजारचे सगळे खोकत. आमच्याकडच्या बायका म्हणतात, मशेरीने दात हलत नाहीत. सासूबाई तेरा-चौदा वर्षांच्या असल्यापासून सकाळी, दुपारी आणि झोपताना ती लावत. लग्न झाल्यावर मलाही त्यांनी लावून पाहायला सांगितली होती. मला गरगरलं आणि मी मोरीपाशी बसले. तेव्हा त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "हिला मशेरी चढते. संसार कसा झेपणार हिला?" बायका हसल्या, मीसुद्धा हसले. मला तेवढंच जमायचं.

त्या पडघ्याच्या बाजारात सुकी मासळी विकत. सुकट, बोंबील, वाकट्या. विधवा बाई, दोन पोरं वाढवली ती त्या टोपलीवर. आवाज असा खणखणीत की गिऱ्हाईक भाव पाडायला आलं तर आपलाच पडून जाई. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी लूमची, यंत्रमागांची, शेडं आहेत. दिवसभर खडखडाट असतो, शेजारणीला हाक मारायची तर दारात जाऊन हात हलवावा लागतो. त्या खडखडाटातही सासूबाईंची हाक टोकाच्या नळापर्यंत ऐकू जात असे.

दिवाळीच्या आधी आरोग्य केंद्रातली आशाताई आली. वही घेऊन घरोघर विचारत होती. तीस वर्षांच्या वर कोण कोण, तंबाखू-मशेरी कोण लावतं, तोंडात न भरणारी जखम, पांढरा डाग, तोंड कमी उघडणं, असं काही आहे का. केंद्रात तपासणी आहे, दोन मिनिटांचं काम आहे, म्हणाली.

सासूबाई दारातच बसून सुकट निवडत होत्या. "माझ्या तोंडात दात हायेत. मोजायचे तर मोज आन् लिव्ह."

"मावशी, चेष्टा नाही. तिखट लागतं का तोंडाला?"

"तिखट माझ्या तोंडाला लागत न्हाय, माझं तोंड तिखटाला लागतं."

आशाताई हसली. मग तिने आत माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, यांना काही आहे का हो?"

मी चुलीपाशी... म्हणजे गॅसपाशी उभी होते. सासूबाईंनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांचे हात सुकटीत थांबलेले मला दिसले. त्यांना कालवणात मिरची चालेनाशी झाल्याला तेव्हा दोन महिने झाले होते. भाकरीचे त्या अगदी बारीक तुकडे करत आणि डाव्या बाजूने चघळत. हे सगळं मला दिसत होतं. मी मान हलवली. काही नाही, अशी.

आशाताईने वहीत काहीतरी लिहिलं आणि ती पुढच्या घरी गेली.

थंडीत त्यांचा उजवा कान दुखू लागला. मी लसणीचं तेल कोमट करून घातलं. कान आतून स्वच्छ होता, तरी ठणकायचा. ते दुखणं तोंडातून कानात येत होतं, हे आम्हाला पुढे सांगितलं गेलं. होळीच्या सुमाराला दाढ हलायला लागली. गल्लीच्या तोंडाशी दात काढणारा एकजण बसतो, त्याच्याकडे जाऊन त्यांनी ती काढून घेतली. दाढ गेली, पण तिथलं भोक काही भरेना. रक्त येत राहिलं. मग जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली. ती दुखत नव्हती, म्हणून सासूबाई म्हणाल्या, दुखत न्हाय तर कशाला दाखवायची. दुखत नाही तीच वाईट, हे कोणाला माहीत?

शेवटी ह्यांनी त्यांना शिकलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी बरोबर होते. बाईंनी तोंड उघडायला सांगितलं तर दोन बोटं जाण्याइतकंसुद्धा उघडेना. त्यांनी विचारलं, "हे किती दिवसांपासून आहे?"

हे म्हणाले, "महिना झाला असेल."

मी जमिनीकडे पाहत राहिले.

मोठ्या दवाखान्यात गालाचा बारीक तुकडा काढून तपासायला द्यायचा होता. तेव्हा आमच्या भावकीत एकच कालवा झाला. लोखंड लागलं की ते दुप्पट पसरतं, सुरी लावू देऊ नका. वज्रेश्वरीकडच्या एका माणसाचा पाला महिनाभर लावला. त्या महिन्यात गाठ लिंबाएवढी झाली. मग तुकडा दिला.

डॉक्टरांनी सांगितलं ते आमच्या अर्धं डोक्यावरून गेलं. घरी आल्यावर ह्यांनी मला समजावलं. हे लूमचे मिस्त्री आहेत, म्हणून त्यांना ते बरोबर कळलं. "हे बघ, आडवा धागा तुटला का लूम आपोआप बंद पडतो. त्याला तसा एक काटाच असतो. तो काटा झिजला तर धागा तुटला तरी लूम चालूच ऱ्हातो, नुसता चालतो, कापडाची वाट लागते. आपल्या अंगात बारीक बारीक पेशी असतात. एक जुनी झाली का दुसरी होते, आन् पुरे झाल्या का थांबतात. आईच्या गालात त्यांचा थांबायचा काटाच झिजलाय. मशेरीनं, रोज रोज तिथंच लावून."

"सुरी लागल्यानं पसरलं का?"

"न्हाय. ते आधीच पसरलं होतं. वेळ गेला म्हणून पसरलं."

एवढं बोलून ते उठून बाहेर गेले. मशेरी कोण भाजायचं, हे ते बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. दुखणं कमी व्हावं म्हणून किरणांचे शेक दिले. तोंड आतून भाजल्यासारखं झालं, गालाला बाहेरून भोक पडलं. गिळता येईना म्हणून नाकातून पोटापर्यंत बारीक नळी घातली आणि आम्हाला घरी पाठवलं. आता बरं व्हायचं राहिलं नव्हतं. त्यांना त्रास होऊ द्यायचा नाही, एवढंच आमच्या हातात होतं. आणि घरात दिवसभर मीच असायची, म्हणून ते माझ्या हातात आलं.

दवाखान्यातून एक सिस्टर दर आठवड्याला घरी येत. त्यांनी मला सगळं करून दाखवलं, माझ्याकडून करून घेतलं आणि माझ्या मुलीच्या जुन्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं. चौथीपर्यंत शिकलेली असले तरी मला वाचता येतं. नळीवर नाकपुडीपाशी पेनाची खूण केली होती. ती खूण सरकलेली दिसली तर काही घालायचं नाही, आधी फोन करायचा. घालताना पाठीमागे उशा लावून बसतं करायचं. पेज, दूध, डाळीचं पाणी, सगळं गाळून. सिरिंजने रेटायचं नाही, सिरिंज वर धरायची म्हणजे आपोआप उतरतं. नंतर पाणी घालून नळी धुवायची आणि अर्धा तास आडवं करायचं नाही. दुखण्याचं औषध घड्याळ पाहून द्यायचं, त्या कण्हेपर्यंत थांबायचं नाही.

सगळ्यात वर त्यांनी दोन रेघा मारून लिहिलं होतं, तोंडातून काही नाही.

"पाणीसुद्धा नाही," सिस्टर म्हणाल्या. "त्यांना गिळता येत नाही. घोट पोटात जायच्या ऐवजी श्वासाच्या नळीत जाईल. गुदमरतील. ओठ सुकले तर गॉजचा तुकडा ओला करून फिरवा. तेवढंच."

मी ते देवाच्या पोथीसारखं पाळलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि कंबर पाहायची, लाल दिसलं तर तिथे चोळायचं नाही, त्यावर वजन येऊ द्यायचं नाही. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या गॉजने तोंडाच्या कडा पुसायच्या. जखमेला वास येई. सासूबाईंना त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटायची. सगळ्या जन्मात सुक्या मासळीच्या वासाला लाजली नाही ती बाई, आता कोणी दारात आलं की पदर तोंडावर घट्ट ओढून घ्यायची. सिस्टरनी एक गोळी कुटून जखमेवर टाकायला सांगितली. चार दिवसांत वास बराच कमी झाला. त्या दिवशी सासूबाईंनी पदर जरा खाली घेतला आणि माझा हात धरून ठेवला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

बोलता येत नव्हतं. पण लूमच्या आवाजात कामगार जसे हातांनी बोलतात, तसं हे आणि त्या बोलायच्या. हे ड्युटीवरून आले की दारातूनच हात वर करून दोन बोटं फिरवायचे, काय चाललंय? त्या तळहात सपाट धरायच्या, लूम बंद. ह्यांना हसू यायचं आणि मग ते तोंड धुवायला मोरीत जायचे. तिथे खूप वेळ लागायचा त्यांना.

एकदा मी पाणी भरायला गेले होते. शेजारची भाभी त्यांच्यापाशी बसली होती. ती उत्तरेकडची, मनाने फार चांगली. सासूबाईंनी तिच्या चहाकडे बोट दाखवलं असेल. मी आले तेव्हा त्यांचा चेहरा निळा पडला होता, डोळे वर गेलेले, छातीतून खरखर येत होती. मी पुढे वाकवून पाठीवर थापट्या मारल्या. नाकातोंडातून चहा आला. नंतर दोन दिवस ताप होता.

भाभी रडत होती. "दो चम्मच तो थी, दीदी. इतना मन था उनका."

त्या दिवसापासून मी सासूबाईंना सोडून उठेनाशी झाले. ठसका लागून त्यांचा जीव जायचा नाही, माझ्यासमोर तर नाहीच, हे मी मनाशी धरलं होतं. आशाताईला मान हलवून मी जे केलं, त्याचं काहीतरी फेडायचं राहिलं होतं.

शेवटचे दोन दिवस त्या डोळे उघडत नव्हत्या. श्वास थांबायचा, पुन्हा यायचा. सिस्टर फोनवर म्हणाल्या, आता नळीतून जास्त काही घालू नका, नातेवाइकांना बोलवा. नणंद गणेशपुरीहून आल्या. त्या ह्यांच्याहून मोठ्या. आईवर त्यांचा फार जीव. भातकापणी टाकून आल्या होत्या, पायाला चिखल वाळलेला तसाच होता.

सकाळी अकराच्या सुमाराला भावकीतल्या बायका जमल्या. नणंदेने तांब्यात पाणी घेतलं, वर तुळशीचं पान टाकलं आणि चमचा घेऊन त्या आईच्या उशाशी बसल्या. आमच्यात जाणाऱ्याच्या तोंडात पोटची पोरं पाणी घालतात. ते पाणी घेऊन माणूस पुढे जातो, असं म्हणतात. ज्याला ते मिळालं नाही त्याला तहानलेला गेला म्हणतात.

मी चमच्याच्या आड हात धरला.

"ताई, नको. तोंडातून काही द्यायचं न्हाय."

नणंदेला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय?"

"सिस्टरनी सांगितलंय. ठसका लागंल. गुदमरतील त्या."

"आता मरतेच हाय ती. पाणी बी न्हाय पाजू देणार तू?"

"ओला गॉज देते. त्यानं ओठ भिजवा."

"चिंधी?" त्या म्हणाल्या. "माझ्या आईला मी चिंधीनं पाणी पाजू?"

मागून कोणीतरी म्हणालं, "कालपर्यंत तोंडातून शबुद निघत नव्हता हिच्या." दुसरी म्हणाली, "सेवा केली म्हणून मालकीण झाली काय?" पण मी हात काढला नाही. नणंदेने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते खाली बघून म्हणाले, "तिला ठाऊक हाय, ताई. तीच करते सगळं."

नणंदेने तांब्या खाली ठेवला, इतक्या जोराने की पाणी उडालं. त्या उठल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन मोठ्याने रडायला लागल्या. बायका त्यांच्यामागे गेल्या. मी गॉज ओला करून सासूबाईंच्या ओठांवरून फिरवला. त्यांनी ओठ किंचित हलवले, बाळ हलवतं तसे. ह्यांनी त्यांचा हात धरला होता. मग एक श्वास आला आणि त्याच्यानंतरचा आलाच नाही. आम्ही वाट पाहत राहिलो. बाहेर लूम चालू होते.

नणंदेला हाक मारायला ह्यांनी तोंड उघडलं, पण तोवर झालं होतं. त्या दहा पावलांवर होत्या.

सासूबाईंना शेवटची अंघोळ मी घातली. नळी मीच काढली. दहाव्याला नणंदेने सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर मला ऐकू जाईल असं म्हटलं, "माझी आई तहानलेली गेली." तेराव्याला जेवून त्या निघाल्या तेव्हा माझ्याशी बोलल्या नाहीत. मला तेव्हा वाईट वाटलं, पण आत कुठेतरी मी ठाम होते. मी त्यांना गुदमरू दिलं नाही. आधी गप्प राहून चुकले होते, यावेळी बोलले, असं मला वाटत होतं.

उरलेलं दुखण्याचं औषध परत द्यावं लागतं. ते, राहिलेले गॉज आणि सिरिंजा घेऊन मी दवाखान्यात गेले. सिस्टरनी मला चहा दिला. मी क्वचित कोणाशी बोलते, पण त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या म्हणतील, बरोबर केलंत.

त्या म्हणाल्या, "ताई, माझीच चूक झाली. फोनवर मी तुम्हाला हे सांगायला हवं होतं. तो नियम घोटभर पाजण्याबद्दल होता, चहाबद्दल, पेजेबद्दल. अगदी शेवटच्या घटकेला मुलीने बोटाने थेंबभर पाणी गालाच्या आत लावलं असतं, तर काही झालं नसतं. त्यांना कळलंही नसतं. तेवढं आम्ही करू देतो."

मी चहा संपवला. रिकामा कप कुठे ठेवायचा, ते मला सुचेना.

ही गोष्ट मी ह्यांना त्याच दिवशी सांगितली. डागाचंही सांगितलं, गणपतीच्या आधीचं. हे म्हणाले, "मला बी दिसत होतं, आई डाव्या बाजूनं जेवत होती ते." ते उठून चपला घालू लागले. "ताईला सांगू नको," एवढंच शेवटी म्हणाले. "कशाला? आता तिचा राग निवलाय."

मी महिनाभर सांगितलं नाही. मला रोज वाटायचं, मी पुन्हा गॅसपाशी उभी राहून मान हलवते आहे. मग एके दिवशी ह्यांना न सांगता एसटीने गणेशपुरीला गेले. एकटी मी तोवर खारबावच्या माहेराशिवाय कुठे गेले नव्हते.

नणंद अंगणात भात वाळवत होत्या. मला पाहून त्या उठल्या नाहीत. मी उभ्याउभ्याच बोलले, कारण बसले असते तर बोलता आलं नसतं.

"ताई, थेंबभर पाणी चाललं असतं. सिस्टर म्हणाल्या. बोटानं लावलं असतं तर काही झालं नसतं. मला तेवढं ठाऊक नव्हतं. माझं चुकलं."

त्यांचा हात भातावरून फिरत होता तो थांबला.

"हे सांगाया आलीस तू?" त्या म्हणाल्या.

"व्हय."

"मला वाटत होतं, तू बरोबर असशील. राग येत होता तुझा, पण रातीला वाटायचं, असंल तिचं बरोबर, आईला त्रास तरी झाला न्हाय." त्यांनी पदराने डोळे पुसले. "तेवढं तरी होतं माझ्याकडं. ते बी काढून घेतलंस."

परतीची बस साडेतीनला होती. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळाने मी चपला काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि हाताने भात पसरू लागले. त्यांनी पाहिलं, आणि त्यांचा हात पुन्हा भातावरून फिरू लागला. बसची वेळ होईपर्यंत आम्ही दोघी भात पसरत होतो.